चतुष्फलकाचं घनफळ सारखं चुकतंय? कुठे कुठे बघायचं ते क्रमाने

आधी लक्षणं, म्हणजे यातलं एखादं जुळलं तर सगळं वाचत बसायची गरजच पडणार नाही.

– उत्तर बरोब्बर ६ पट, ३ पट, २ पट नाहीतर निम्मं येतंय
– उत्तर ऋण येतंय
– शून्य येतंय, आणि आकृती तर डोळ्यासमोर चांगली टुमटुमीत दिसतेय
– बिंदू तेच चार, पण क्रम बदलला की उत्तर वेगळं
– अख्खी आकृती जरा बाजूला सरकवली की घनफळ बदलतं
– सहा कडांवरून काढताय आणि वर्गमुळाच्या आत ऋण संख्या आली
– छोट्या आकड्यांना सगळं ठीक, मोठे आकडे टाकले की कायच्या काय
– उत्तर जवळपास बरोबर, फक्त पाच-सहा टक्के जास्त (हे सगळ्यात वाईट, कारण कुणाला संशयच येत नाही)

मी हे इतक्या जणांच्या वह्यांमध्ये, एक्सेलच्या शीटमध्ये आणि कोडमध्ये दुरुस्त केलंय की आता समोरच्याने उत्तर सांगितलं की चूक कुठे असेल ते बऱ्याचदा न बघताच कळतं. चतुष्फलक म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठं, चार शिरोबिंदू आणि सहा कडा, घन आकृत्यांमध्ये याच्याहून साधी सपाट पृष्ठांची आकृती नाही, आणि तरी लोक इथेच अडकतात. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. गडबड होते ती सूत्रात काय भरलं त्याची.

सगळ्यात आधी, फुकटातली तपासणी: गुणोत्तर काढा

ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असं चतुष्फलक तुमच्या पद्धतीत टाका. मी नेहमी दोन वापरते. पहिलं कोपऱ्याचं: (०,०,०), (१,०,०), (०,१,०), (०,०,१), याचं घनफळ १/६. दुसरं सगळ्या कडा सारख्या असलेलं: (०,०,०), (१,१,०), (१,०,१), (०,१,१). हे १ बाजूच्या घनाचे एकाआड एक कोपरे जोडले की मिळतं, प्रत्येक कड √२ आणि घनफळ १/३. आता तुमचं आलेलं उत्तर भागिले खरं उत्तर करा.

६ आलं तर शेवटी ६ ने भागायचंच राहिलंय, तुम्ही समांतर कडांच्या तिरक्या खोक्याचं घनफळ काढून बसलात. ३ आलं तर फक्त २ ने भागलंय, तो त्रिकोणी लोलक झाला. २ आलं तर ३ ने भागलंय पण पाया त्रिकोण आहे हे विसरून समांतरभुज चौकोन धरलाय. आणि निम्मं आलं तर, हे मला सगळ्यात जास्त सापडतं, त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना एकदा २ ने भागलं आणि मग "चतुष्फलकाला ६ ने भागायचं असतं" हे आठवून वर परत ६ ने भागलं. ६ मधले २ हे त्या त्रिकोणाचेच असतात हो. क्षेत्रफळ आणि उंची वापरताय तर ३ ने भागा, डिटरमिनंट (पुस्तकी भाषेत निश्चयक, चौकोनी मांडलेल्या आकड्यांवरून ठरलेल्या रीतीने काढलेली एक संख्या) वापरताय तर ६ ने भागा. दोन्ही एकत्र करू नका.

हे ६ येतात कुठून ते एकदा नीट बघितलं की परत चूक होत नाही म्हणून सांगते. एका कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर तिरकं खोकं उभं करा, ते मधून कापलं की दोन सारखे त्रिकोणी लोलक, आणि प्रत्येक लोलकाचे सारख्या घनफळाचे तीन चतुष्फलक पडतात. दोन त्रिक सहा. कंटाळा आला असेल तर घन घ्या, वरच्या दुसऱ्या नमुन्यातलंच: चार कोपरे कापले तर प्रत्येकी १/६ निघून जातो, चार सहांश गेले की मधे १/३ उरतो. जमलं ना.

१.५ पट आलं तर १/३ च्या जागी १/२ वापरलाय. त्यात लाज वाटून घेऊ नका, आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या ग्रंथात गणितपादात षडश्रि म्हणजे सहा कडांच्या घनासाठी पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचा निम्मा असंच दिलेलं आहे (काही अभ्यासक त्या श्लोकाचा अर्थ वेगळा लावतात ते सोडा), आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एक तृतीयांश दिला. त्रिकोणाला निम्मं लागतं म्हणून घनालाही निम्मं लागेल असं वाटणं साहजिक आहे, पण नाही लागत.

उंची कुठली धरली?

हीसुद्धा फुकटातली. १/३ × पाया × उंची यातली उंची म्हणजे टोकापासून पायाच्या प्रतलावर टाकलेला लंब. तिरक्या पृष्ठावरून मोजलेली उंची नाही, आणि कडेची लांबी तर अजिबातच नाही. सगळ्या कडा १ असलेल्या चतुष्फलकात लंब उंची √(२/३) म्हणजे ०.८१६५, तिरकी उंची ०.८६६०, आणि कड अर्थातच १. म्हणजे तिरकी धरली तर उत्तर १.०६ पट येतं, कड धरली तर १.२२ पट. वरचं ते पाच-सहा टक्केवालं लक्षण बहुतेक वेळा हेच असतं. नियमित असेल तर खरं उत्तर कड³ ÷ (६√२), म्हणजे कडेच्या घनाच्या साधारण ०.११७८५ पट, याच्याशी ताडून बघा.

लंबाचा पाय पायाच्या त्रिकोणाच्या आत पडलाच पाहिजे असं काही नाही बरं का, बाहेर पडला तरी चालतो, सूत्र तेच राहतं. आकृती विचित्र झुकलेली दिसली म्हणून लोक उगाच सूत्र बदलायला जातात.

एककं

एक ओळीत: लांबीत १०० पटीची गफलत म्हणजे घनफळात १०,००,००० पटीची. दोन कडा सेंटिमीटरमध्ये आणि एक मीटरमध्ये असेल तर फरक १०० पटीचाच येईल, त्यामुळे किती पट चुकलंय त्यावरून किती लांब्या चुकल्यात तेही कळतं. लिटर हवे असतील तर १००० घन सेंमी म्हणजे १ लिटर. पुढे.

वजाबाकी केली का? (अर्ध्याहून जास्त वेळा चोर इथेच सापडतो)

निर्देशक दिलेले असतील तर एक शिरोबिंदू पकडून बाकीच्या तिघांतून त्याचे निर्देशक वजा करायचे, मग जे तीन सदिश मिळतात त्यांचा डिटरमिनंट. लोक काय करतात तर चारपैकी कुठलेही तीन बिंदू उचलून थेट डिटरमिनंटमध्ये टाकतात. मग तुम्ही जे काढता ते चतुष्फलक तुमचं नसतंच, त्याचा चौथा कोपरा आरंभबिंदू असतो.

करून बघू. अ(२,१,०), ब(५,१,१), क(३,४,०), ड(२,२,६). अ वजा केला की तीन सदिश येतात (३,०,१), (१,३,०), (०,१,६). डिटरमिनंट: ३×(१८−०) − ०×(६−०) + १×(१−०) = ५५. घनफळ ५५/६ म्हणजे ९.१७. आता वजाबाकी न करता ब, क, ड तसेच टाका: ५×(२४−०) − १×(१८−०) + १×(६−८) = १००, घनफळ १६.६७. उत्तर बघून काहीच खटकत नाही, धन आहे, आकारही पटण्यासारखा. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

आणि गंमत म्हणजे वरचा कोपऱ्याचा नमुना ही चूक पकडत नाही! कारण त्याचा एक शिरोबिंदू आरंभबिंदूच आहे, वजा केलं काय नि नाही केलं काय. माझे दोन्ही नमुने तसेच आहेत. म्हणून नमुना पास झाला की लगेच तोच नमुना सगळीकडे १०-१० मिळवून परत टाकायचा. आकृती नुसती सरकली, घनफळ बदलायला नको. कोपऱ्याच्या नमुन्याला १/६ ऐवजी ३१/६ आलं तर समजा वजाबाकी राहिलीय.

मधलं चिन्ह

हाताने डिटरमिनंट सोडवणाऱ्यांची जुनी खोड, चिन्हं + − + अशी जातात आणि मधलं − विसरतं. याची तपासणी सोपी आहे, दुसरा शिरोबिंदू आधाराला घेऊन परत काढा. वरच्याच उदाहरणात ड वजा करा: (०,−१,−६), (३,−१,−५), (१,२,−६). बरोबर केलं तर −१३ − ४२ = −५५, म्हणजे आकडा तोच. मधलं चिन्ह चुकवलं तर +१३ − ४२ = −२९. आणि हे लक्षात घ्या की अ पासून काढताना पहिल्या ओळीत मधला आकडा ० होता, तिथे चिन्ह चुकवलं असतं तरी ५५ च आलं असतं. एकदा बरोबर आलं म्हणजे पद्धत बरोबर असं नसतं, शून्यं फार चुका पोटात घालतात. मी तर तपासायला मुद्दाम एकही शून्य नसलेले आकडे घेते.

ऋण उत्तर

हा बिघाड नाही. बिंदूंचा क्रम उलटा आहे एवढंच ते चिन्ह सांगतं, दोन बिंदूंची अदलाबदल केली की चिन्ह पलटतं (वरचा १/३ वाला नमुना मी दिलेल्या क्रमाने टाकलात तर डिटरमिनंट −२ च येतो). एकच चतुष्फलक असेल तर चिन्ह काढून टाका आणि कामाला लागा.

पण, आणि हा पण मोठा आहे, तुम्ही त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या मोठ्या वस्तूचं घनफळ काढत असाल, म्हणजे प्रत्येक त्रिकोण आणि एक ठरलेला बिंदू मिळून चतुष्फलक करायचं आणि सगळ्यांची बेरीज, तर तिथे प्रत्येकाचं चिन्ह काढून टाकायचं नाही. ती चिन्हंच काम करत असतात, वस्तूच्या बाहेरचा जो भाग जास्तीचा मोजला जातो तो ऋण चतुष्फलक वजा करून टाकतात. चिन्ह काढायचं ते सगळ्यात शेवटी, बेरजेचं, एकदाच. तसं न केल्याने दुप्पट-तिप्पट घनफळ आलेल्या फायली मी पाहिल्यात आणि त्यांचे मालक सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

जाळीसाठी एक भारी तपासणी आहे: तो ठरलेला बिंदू लांब कुठेतरी हलवा आणि बेरीज परत घ्या. जाळी बंद असेल आणि सगळे त्रिकोण एकाच दिशेने फिरवलेले असतील तर बेरीज हलणार नाही. हलली तर कुठेतरी भोक आहे नाहीतर काही त्रिकोण उलटे आहेत.

शून्य उत्तर

दोन शक्यता. एक तर चारही बिंदू खरंच एका प्रतलात आहेत (किंवा कॉपी-पेस्ट करताना एकच बिंदू दोनदा आलाय, आधी तेच बघा). दुसरी शक्यता कोडवाल्यांची: सी किंवा जावामध्ये १/६ असं लिहिलं की दोन्ही पूर्णांक म्हणून उत्तर ०, आणि शून्याने गुणलं की सगळंच शून्य. १.०/६.० लिहा किंवा शेवटी ६.० ने भागा. पायथन ३ मध्ये साध्या तिरक्या रेघेने हे होत नाही, दुहेरी रेघ वापरली तर होतं.

पूर्णांकांचीच अजून एक भानगड, तीन निर्देशकांचा गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. मर्यादा साधारण २१४.७ कोटींची आणि १३०० चा घनच २१९.७ कोटी होतो. म्हणजे हजारातले आकडे आले की उत्तर उलटंपालटं होऊ शकतं. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्यांना हे हमखास भेटतं.

एक्सेलमध्ये एमडीटर्म (MDETERM, डिटरमिनंट काढून देणारं फंक्शन) वापरताय आणि उत्तराऐवजी एरर येतोय तर तीन बाय तीनच्या पट्ट्यात एखादा सेल रिकामा असेल किंवा आकडा टेक्स्ट म्हणून बसलेला असेल. रिकामा सेल म्हणजे शून्य असं ते धरत नाही, शून्य टाइप करायला लागतं.

सहा कडांवरून काढताय?

आता जरा अवघड भाग. निर्देशक नाहीत, फक्त सहा लांब्या आहेत, तर केली-मेंगर डिटरमिनंट वापरतात, पाच बाय पाचचा, पहिली ओळ ०,१,१,१,१, पहिला स्तंभही तसाच, आणि आत अंतरांचे वर्ग. तो डिटरमिनंट = २८८ × घनफळ². इथे तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, लांब्यांचे वर्ग करायचे राहतात. सगळ्या कडा १ घेऊन तपासलंत तर ही चूक दिसणार नाही कारण १ चा वर्ग १ च, डिटरमिनंट ४ येतो आणि सगळं छान. म्हणून कडा २ घेऊन तपासा: डिटरमिनंट २५६, घनफळ ०.९४२८. वर्ग राहिले असतील तर ०.३३३३ येईल.

दुसरी, कुठली कड कुठे. नुसत्या सहा लांब्या सांगून चतुष्फलक ठरत नाही! सहाही वेगवेगळ्या असतील तर त्या ३० वेगवेगळ्या प्रकारे बसवता येतात (आरशातली प्रतिमा तीच धरून), काहींपासून चतुष्फलक बनेल, काहींपासून नाही. समजा तीन कडा ५ आणि तीन कडा ८. पाया ८-८-८ आणि वर जाणाऱ्या ५-५-५ असतील तर घनफळ १७.६९, उलट बसवलं तर २६.९२. आता ८ ऐवजी ६ घ्या: १८.७४ आणि १८.९८. फरक इतका बारीक की कड चुकीच्या जागी बसलीय हे उत्तरावरून कुणाच्या बापाला कळायचं नाही. कागदावर आकृती काढा, चार कोपऱ्यांना नावं द्या आणि प्रत्येक कडेवर तिची लांबी लिहा. याला दोन मिनिटं लागतात, लोक ती दोन मिनिटं वाचवतात आणि संध्याकाळ घालवतात.

तिसरी, वर्गमुळाच्या आत ऋण संख्या. बहुतेकांना वाटतं गणित चुकलं. गणित बरोबर असतं, ती आकृतीच अस्तित्वात नसते. चारही पृष्ठांचे त्रिकोण बनतात म्हणून चतुष्फलक बनेलच असं नाही. पाया १०-१०-१०, वरच्या तीन कडा ५.५. प्रत्येक पृष्ठ ठीक आहे, ५.५ + ५.५ हे १० पेक्षा जास्तच. पण पायाच्या मध्यापासून कोपरा ५.७७ वर आहे, त्यामुळे ५.५ च्या कडा मध्यापर्यंत पोचतच नाहीत, वर टोक काय करणार. उंचीचा वर्ग −३.०८ येतो. अशा वेळी मोजमाप परत घ्या, सूत्राशी झटापट करू नका.

मोठे आकडे, चपट्या आकृत्या

वरचं सगळं करूनही उत्तर डळमळत असेल तर दशांशांकडे बघा. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (संगणकात दशांश संख्या साठवायचा प्रकार) साधारण ७ आकडेच खरे असतात, ६४ बिटांत १५-१६. नकाशावरचे निर्देशक ५,००,००० मीटरच्या आसपास असतील तर ३२ बिटांत दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर ३ सेंटिमीटरच्या वर जातं, २०,००,००० जवळ साडेबारा सेंटिमीटर. हातभर लांबीच्या चतुष्फलकाचं त्यात काय उरणार. उपाय: ६४ बिट वापरा, आणि गुणाकाराच्या आधी वजाबाकी करा. आकडे आधीच ३२ बिटांत साठवलेले असतील तर मात्र गेलेला तपशील कुठल्याही सूत्राने परत येत नाही.

चपटं चतुष्फलक हा वेगळा आजार. तेच १० चं उदाहरण, वरच्या कडा ५.८ असतील तर घनफळ ७.९९, आणि ५.९ असतील तर १७.५४. कडेत दोन टक्क्यांहून कमी फरक आणि घनफळ दुपटीहून जास्त. टेपने मोजताना एवढी चूक सहज होते. इथे जास्त दशांश छापून काही होत नाही, उंची थेट मोजता येतेय का ते बघा.

कुठे थांबायचं

नमुने पास झाले, सरकवून बघितलं, दुसऱ्या शिरोबिंदूवरून काढलं आणि तेच आलं, तर तुमचं गणित बरोबर आहे, पुस्तकाच्या मागचं उत्तर चुकीचं असू शकतं, शिक्षकांना दाखवा आणि पुढे व्हा.

घनफळावर पैसे, वजन किंवा कुणाची सुरक्षितता अवलंबून असेल, खोदकामाचं बिल, टाकीची क्षमता, उचलायचा भार असं काही, आणि आकृती चपटी असेल किंवा वर्गमुळात ऋण येत असेल, तर घरी सूत्रं बदलत बसू नका. नीट उपकरणाने मोजणारा सर्व्हेअर नाहीतर इंजिनिअर बोलवा, कारण बिघाड मोजमापात आहे आणि तो कागदावर दुरुस्त होत नाही. जाळी बंद नसेल आणि भोकं दहा-वीसच्या वर असतील तर जाळी दुरुस्तीचं काम रोज करणाऱ्याकडे द्या. आणि कोडमध्ये प्रश्न "घनफळ किती" हा नसून "बिंदू प्रतलाच्या या बाजूला की त्या" असा असेल आणि आकडे शून्याच्या अगदी जवळ खेळत असतील तर स्वतः लिहू नका, जोनाथन श्यूचुक यांनी १९९७ मध्ये यासाठीच अचूकता लागेल तशी वाढवत नेणारी पद्धत मांडलीय, त्यावर आधारलेली तयार लायब्ररी घ्या.

कुणालाही दाखवायला जाताना चारही बिंदू (किंवा नावं घातलेल्या सहा कडा), एकक, वापरलेलं सूत्र आणि त्या कोपऱ्याच्या नमुन्याचं सरकवण्याआधीचं आणि नंतरचं उत्तर, एवढं बरोबर न्या. नुसतं "घनफळ चुकतंय" म्हणालात तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार तो वजाबाकीचाच.